एका घरातून गेलेली दोन निवेदने: गोव्यातील एक प्रकरण अभ्यास

शिक्षेच्या सुनावणीला दोन दिवस उरले होते. बाई, म्हणजे खून झालेल्या वृद्ध जोडप्याची थोरली मुलगी, माझ्या कार्यालयात आल्या. त्यांचे निवेदन मी इंग्रजीत उतरवून ठेवले होते, ते त्यांनी उभ्याउभ्याच वाचले, पर्समधून लाल पेन काढले आणि एका शब्दावर आडवी रेघ मारली. शब्द होता ‘फर्गिव्ह’.

“हे मी कुठे म्हटलं होतं?”

त्यांनी मराठीत लिहून दिलेले वाक्य असे होते: “आमच्या आईवडिलांच्या नावाने या मुलाचा जीव घेतला जाऊ नये.” मी चांगल्या भावनेने त्याचे ‘कुटुंब आरोपीला क्षमा करीत आहे’ असे करून टाकले होते. फाशी नको म्हणणारा माणूस क्षमा करणाराच असणार, हे समीकरण माझ्या डोक्यात इतके पक्के होते की समोरच्या कागदावर काय लिहिले आहे ते मला दिसलेच नाही. बाईंनी माफ केले नव्हते. आजही केलेले नाही. हे प्रकरण लिहून ठेवावे असे मला त्या लाल रेघेमुळे वाटू लागले.

मी फौजदारी वकील आहे आणि या खटल्यात पीडित कुटुंबातर्फे उभा होतो. कुणाचेही नाव मी इथे देणार नाही. वाडा, वर्षे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कायदा आणि निकाल मात्र आहेत तसेच दिले आहेत.

घटना

डिचोली तालुक्यातले एक कुळागर. पोफळी, चार माड, जायफळाची दोन झाडे, मागे झर. घरात दोघेच: प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे मास्तर, वय ८२, आणि त्यांची पत्नी, वय ७७. मास्तर निवृत्त झाले तरी त्यांची शाळा सुटली नव्हती. दिवेलागणीला वाड्यावरची पोरे ओसरीवर जमत आणि मास्तर त्यांच्याकडून परवचा म्हणून घेत. पावकी, निमकी, मग मनाचे श्लोक. बाई म्हणजे त्यांची थोरली मुलगी, वय ५४, स्वतः शिक्षिका. सासर चार किलोमीटरवर. रोज सकाळी शाळेला जाताना त्या आईकडे डोकावून जात. धाकटा भाऊ मुंबईला नोकरीत.

एका सकाळी बाईंना दार नुसते लोटलेले दिसले. आतले मी लिहिणार नाही. दोघांनाही कोयत्याने मारले होते आणि आईच्या हातातल्या पाटल्या नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी २२ वर्षांच्या मुलाला पकडले. पाटल्या गहाण टाकायला गेला तेव्हा सोनाराला संशय आला होता. मुलगा खालच्या वाड्यावरचा. लहानपणी तोही ओसरीवर परवचाला बसलेला. हंगामात त्याची आई मास्तरांकडे सुपारी सोलायला येई. मोबाइलवरच्या जुगारात त्याला कर्ज झाले होते आणि मास्तरांच्या घरी सोने कुठे असते हे त्याला माहीत होते. पुराव्यात फारशी गुंतागुंत नव्हती. खून, जबरी चोरी आणि त्यासाठी घरात घुसणे हे आरोप सिद्ध झाले, ते योग्यच झाले असे माझे मत आहे. खटला जुन्या दंडसंहितेखाली चालला, म्हणजे कलम ३०२: मृत्युदंड किंवा जन्मठेप, मधले काही नाही.

कुटुंबाच्या नावाने कोण काय बोलले

तेराव्या दिवशी बसथांब्यावर दोन फ्लेक्स लागले. आदल्या वर्षीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा फोटो, त्यात मास्तर आणि त्यांच्या पत्नी, आणि खाली ठळक अक्षरांत ‘नराधमाला फाशी झालीच पाहिजे’. त्याखाली ओळीने स्थानिक पुढाऱ्यांचे चेहरे. बाईंना ते शाळेच्या बसमधून दिसले. संध्याकाळी त्या मंडळाच्या मुलांकडे गेल्या आणि फ्लेक्स उतरवा म्हणाल्या. मुले खरोखर गोंधळली. “बाई, आम्ही तुमच्यासाठीच लावलाय.” एक उतरवला. दुसरा पावसाने फाटेपर्यंत तसाच राहिला.

त्या मुलांना मी दोष देत नाही, कारण मीही तेच केले होते. आरोपपत्र दाखल झाले त्या दिवशी एका वाहिनीच्या वार्ताहराने विचारले, तेव्हा मी सांगून मोकळा झालो: कुटुंबाची मागणी कठोरात कठोर शिक्षेची आहे. वकील सवयीने असे बोलतो. बाईंना मी विचारले नव्हते. भावाला विचारले होते, तेही नीट नाही.

दोषसिद्धी झाल्यावर सरकारी वकिलांनी मृत्युदंड मागायचे ठरवले आणि मी बाईंना तसे फोनवर कळवले. बराच वेळ पलीकडून काही आवाज नव्हता. मग त्या कोंकणीतच म्हणाल्या, “म्हाका नाका तें.” मला नको ते.

त्यांच्या घरात बोलणे कोंकणीत, लिहिणे मराठीत आणि कोर्ट इंग्रजीत. गोव्यातल्या पुष्कळ घरांचे असेच आहे. तीन भाषांच्या या प्रवासात माणसाचे म्हणणे कुठे सांडते, हे त्या लाल रेघेने मला नंतर शिकवले.

बाईंचे म्हणणे

त्यांची कारणे मी तीनचार बैठकांत ऐकली. ती व्याख्यानासारखी ओळीने आली नाहीत.

पहिल्यांदा त्या दमलेल्या होत्या. खटल्याच्या तारखांनी त्यांची शाळा, झोप आणि जेवण सगळे खाल्ले होते. फाशी झाली की सगळे संपेल असे गाव म्हणत होते, म्हणून त्यांनी मला विचारले, ते कधी संपेल? मला खरे उत्तर द्यावे लागले. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली तरी तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (१ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली; प्रक्रियेची पुढची कलमे जुन्या संहितेतली आहेत) कलम ३६६ प्रमाणे उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही. मग सर्वोच्च न्यायालय, फेरविचार, राज्यपाल आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. कोल्हापूरच्या गावित बहिणींचे उदाहरण मराठी वाचकाला ठाऊक आहे. सत्र न्यायालयाचा निकाल २००१ चा, सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली २००६ मध्ये, राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला २०१४ मध्ये, आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या विलंबामुळेच फाशीची जन्मठेप केली. ज्या आयांची मुले गेली त्यांना वीस वर्षे दर थोड्या दिवसांनी कुणीतरी मायक्रोफोन पुढे करून विचारत राहिले असेल. बाई म्हणाल्या, “मी तोवर निवृत्त होऊन म्हातारी होईन, आणि अजून त्याच मुलाच्या बातमीची वाट बघत असेन.”

दुसरे कारण मास्तरांचे होते. मास्तर पोर्तुगीज काळात वाढले. पोर्तुगालने १८६७ मध्ये लष्करी गुन्हे वगळता इतर गुन्ह्यांसाठी मृत्युदंड रद्द केला आणि १८७० मध्ये ते वसाहतींनाही लागू केले. म्हणजे इंग्रजांच्या मुलखात फासावर माणसे चढत होती तेव्हा गोव्याच्या कायद्यात ती शिक्षाच नव्हती. फाशी आमच्याकडे आली ती मुक्तीनंतर, भारतीय दंडसंहितेबरोबर. आपल्याकडे हे फारसे कुणी बोलत नाही, आणि त्याची कारणे उघड आहेत. फाशी नसलेल्या त्याच राजवटीने १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. कायद्यात दोर नसला म्हणून राज्याचा हात स्वच्छ राहतोच असे नाही. मास्तर हे दोन्ही सांगत. पण त्याच दमात मोहन रानड्यांचीही गोष्ट सांगत. सांगलीहून आलेला मराठी शिक्षक, आझाद गोमंतक दलाच्या सशस्त्र लढ्यात १९५५ मध्ये पकडला गेला. शिक्षा २६ वर्षांची. गोवा मुक्त झाला तरी ते लिस्बनजवळच्या तुरुंगात राहिले आणि १९६९ च्या जानेवारीत सुटले. “तुरुंगात होते म्हणून परत तरी आले,” हे मास्तरांचे वाक्य बाईंना पाठ होते.

मी म्हटले, रानडे स्वातंत्र्यसैनिक होते, त्यांची या मुलाशी तुलना कशी होईल? बाई संतापल्या. “मी तुलना करत नाही. माझे वडील काय मानत होते ते सांगतेय. त्यांचा फोटो लावून फाशी मागतात, तर त्यांना काय वाटलं असतं ते कुणी विचारायचं नाही?”

तिसरे कारण त्यांनी एकदाच सांगितले आणि पुन्हा त्यावर बोलल्या नाहीत. सकाळी दार लोटल्यावर दिसलेले त्यांच्या डोळ्यांपुढून जात नाही. त्या मुलाला फासावर दिला तर ज्या सकाळी देतील त्या सकाळीही त्यांच्या डोळ्यांपुढे काहीतरी येईल, आणि ते त्यांच्या नावाने केलेले असेल. “मला एवढं पुरे आहे.”

भावाचे म्हणणे

भावाला मी या प्रकरणात कमी जागा दिली तर तो अन्याय होईल. दोघांना एकाच दिवशी, एकाच चितेशेजारी दुसरी रचून, त्याने अग्नी दिला. वर्षश्राद्धाला दोघे घरी होते आणि जेवणे झाल्यावर मी गेलो होतो. बाईंनी त्याला आपले म्हणणे सांगितले. तो शांतपणे ऐकून घेत होता, मग म्हणाला, “ताई, तू रोज सकाळी त्यांना भेटायचीस. मी वर्षातून दोनदा. मला त्यांच्यासाठी आता एकच गोष्ट करता येते, आणि तीही तू करू देत नाहीस.”

यावर तेव्हा मला उत्तर सुचले नाही. आजही सुचलेले नाही.

त्याचा दुसरा मुद्दा मात्र माहितीचा होता, आणि तिथे मी मदत करू शकलो. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, मग मुलगा छत्तिसाव्या वर्षी बाहेर, असे त्याला वाटत होते. हा समज इतका खोलवर आहे की फाशी मागणारी निम्मी माणसे खरे तर चौदा वर्षांना घाबरून ती मागतात, असे मला वकिलीच्या अनुभवातून वाटते. जन्मठेप म्हणजे उरलेले आयुष्य. कलम ४३३अ सांगते की अशा गुन्ह्यात चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सरकारने सुटकेचा विचारही करू नये. चौदा हा उंबरठा आहे, हक्क नव्हे. तो ओलांडल्यावरही शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मत घ्यावे लागते आणि सरकारचा आदेश लागतो.

शिवाय २००८ मध्ये स्वामी श्रद्धानंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिसरी वाट काढली आणि २०१५ मध्ये श्रीहरन प्रकरणात घटनापीठाने ती कायम केली: फाशी जास्त वाटते आणि साधी जन्मठेप कमी, तेव्हा ठरावीक वर्षे किंवा मरेपर्यंत सूट मिळणार नाही अशी जन्मठेप देता येते. मात्र तो अधिकार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयालाच आहे. आमच्या सत्र न्यायाधीशांपुढे दोनच दारे होती. कुटुंबांना हे शिक्षेच्या दिवसाआधी कुणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवे. भावाला मी ते समजावले तेव्हा दोषसिद्धी होऊन गेली होती, इतका उशीर झाला होता.

समजावल्यावर तो बदलला नाही. फक्त म्हणाला, “मरेपर्यंत असेल तर ठीक आहे. पण ते तुम्ही आज देऊ शकत नाही.” त्याचे बरोबर होते.

इतर घरे

बाईंनी एकदा विचारले की असे आणखी कुणी आहे का, की मी एकटीच विचित्र? मी त्यांना काही नावे सांगितली.

गांधीजींच्या खुन्यांना फाशी देऊ नये असे त्यांच्या मुलांनी, मणिलाल आणि रामदास यांनी, सांगितले होते. सरकारने ऐकले नाही आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात फाशी झाली. राजीव गांधींच्या खुनातल्या नलिनीची फाशी २००० मध्ये जन्मठेपेत बदलली, त्यामागे सोनिया गांधींची विनंती होती. ओडिशात १९९९ च्या जानेवारीत ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दहा आणि सहा वर्षांच्या दोन मुलांना गाडीत जिवंत जाळले. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीरपणे सांगितले. मुख्य आरोपीची फाशी २००५ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम ठेवली.

हे ऐकून बाई म्हणाल्या, “मला ग्लॅडिसबाई करू नका.” त्यात अनादर नव्हता. त्यांच्या शाळेतल्या एक ख्रिस्ती सहकारी त्यांच्याशी फार मायेने वागत होत्या, पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये मृत्युदंड कुठल्याच परिस्थितीत मान्य नाही असे चर्चच्या शिकवणीत लिहिल्याचेही त्यांनीच बाईंना सांगितले होते. पण त्या वारंवार ‘तुमचं मन किती मोठं’ म्हणत, आणि बाईंना ते सोसत नसे. मन मोठे असलेल्या माणसाला रडायची, चिडायची, त्या मुलाचा तिरस्कार करायची मुभा उरत नाही. फाशी नाकारणाऱ्या माणसाला आपण चटकन देव्हाऱ्यात बसवतो, आणि तिथून त्याला खाली उतरता येत नाही.

त्यांना जवळचे वाटले ते अमेरिकेतले एक घर. इंडियाना राज्यात १९८५ मध्ये रूथ पेल्के नावाच्या ७८ वर्षांच्या बाईंचा खून झाला. त्या मुलांना बायबल शिकवत. शिकायच्या निमित्ताने आलेल्या शाळकरी मुलींनी त्यांना घरातच मारले. त्यांतली पॉला कूपर १५ वर्षांची होती आणि तिला मृत्युदंड झाला. रूथ यांचा नातू बिल पेल्के पोलाद कारखान्यात क्रेन चालवत असे. सुरुवातीला त्याला त्या शिक्षेत वावगे वाटले नाही, पुढे तो तिच्या फाशीविरुद्ध उभा राहिला. त्याचे वडील, म्हणजे रूथ यांचा मुलगा, फाशीच्या बाजूने होते. १९८९ मध्ये कूपरची शिक्षा ६० वर्षांच्या कैदेत बदलली. शिकवणारी म्हातारी, शिकायला आलेले पोर, आणि एकाच घरात दोन मते. बाईंनी एवढेच विचारले, “मग बाप-लेक बोलत होते का एकमेकांशी?”

कागद कुठे द्यायचा

खून हा राज्याविरुद्धचा गुन्हा. खटला सरकारी वकील चालवतो. कलम २४(८) प्रमाणे पीडिताला आपला वकील ठेवता येतो, पण तो सरकारी वकिलाला साहाय्य करण्यासाठी. कलम ३०१ म्हणते की खासगी वकिलाने सरकारी वकिलाच्या निर्देशानुसार वागायचे. थोडक्यात, मी ज्यांच्या हाताखाली होतो ते मृत्युदंड मागणार होते, आणि माझ्या पक्षकार बाईंना तो नको होता.

मी सरकारी वकिलांना विचारले. ते सज्जन गृहस्थ आहेत, बाईंविषयी त्यांना आदरही होता. पण त्यांचे उत्तर स्पष्ट होते: राज्याची भूमिका ठरली आहे, कुटुंबातल्या एकाचे वेगळे मत मी मांडू शकत नाही. तरी त्यांच्या युक्तिवादाच्या मसुद्यात ‘मृतांच्या कुटुंबीयांचा आक्रोश’ हे शब्द होतेच. १९९४ च्या धनंजय चटर्जी निकालातले, समाजाच्या न्यायाच्या हाकेला न्यायालयाने प्रतिसाद द्यावा हे म्हणणेही होते. कुटुंबाचा होकार गृहीत धरून वापरायचा आणि नकार मात्र नोंदवायला जागा नाही, हे मला पटले नाही. आजही पटत नाही.

कलम ३०१(२) मध्येच एक फट आहे. पुरावा संपल्यावर न्यायालयाच्या परवानगीने खासगी वकील लेखी युक्तिवाद देऊ शकतो. मी तशी परवानगी मागायची आणि बाईंचे एक पानी निवेदन सोबत जोडायचे ठरवले. तेव्हाच मला दुसरी अडचण दिसली. भावाचे मत न जोडता फक्त बाईंचे जोडले, तर मीही फ्लेक्सवाल्यांसारखेच केले असते: घराच्या नावाने एकच आवाज. म्हणून मी भावाला मुंबईला फोन करून त्याचेही एक पान मागितले. तो आश्चर्याने म्हणाला, “तुम्ही तिचे वकील ना?” मी म्हटले, घराचा आहे.

हे पाऊल चुकीचे होते असे माझे दोन वकील मित्र आजही म्हणतात. त्यांचा आक्षेप गंभीर आहे. कुटुंबाच्या नकाराला वजन दिले तर होकारालाही द्यावे लागेल. मग ज्याच्यामागे कुणी भांडणारे आहे त्याच्या खुन्याला फाशी, आणि जो बेवारस मेला त्याच्या खुन्याला जन्मठेप? मृताच्या नातेवाइकाच्या मनावर माणसाचा जीव टांगायचा का? १९८० च्या बचन सिंग निकालापासून कसोटी ‘दुर्मिळातले दुर्मिळ’ ही आहे, आणि तिच्यात गुन्ह्याइतकाच गुन्हेगारही पाहायचा असतो. २००९ च्या बारियार निकालाने तर लोकमत हे शिक्षेचे माप होऊ शकत नाही असे म्हटले. मला हे सगळे मान्य आहे. म्हणूनच बाईंच्या पानावर ‘अमुक शिक्षा द्या’ असे एकही वाक्य आम्ही ठेवले नाही. त्यात होते ते इतकेच: आमचे दुःख हे मृत्युदंडाचे कारण म्हणून वापरू नका. जे त्यांचे आहे ते त्यांना परत मागण्याचा अधिकार त्यांना असलाच पाहिजे. भावाच्या पानावर ‘फाशी द्यावी’ होते. तेही तसेच ठेवले.

मुलाची आई

मुलाच्या घरची बाजू कुणी सांगितली नव्हती. विधी सेवेतून मिळालेल्या बचाव वकिलांनी शिक्षेवर चारच ओळी मांडल्या: वय कमी, पूर्वीचा गुन्हा नाही. पण मे २०२२ च्या मनोज निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की मृत्युदंडाचा विचार करताना आरोपीची पार्श्वभूमी, तुरुंगातले वर्तन, मानसिक तपासणी हे सारे समोर यायलाच हवे. न्यायाधीशांनी सुनावणी पुढे ढकलून अहवाल मागवले. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालातून कळले की मुलाच्या बापाने कर्ज काढून खाणीवर ट्रक लावला होता. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, कसाबसा पुन्हा धंदा लागला तर २०१८ मध्ये पुन्हा बंद. ट्रक गेला, बाप दारूत गेला. डिचोली-साखळीच्या पट्ट्यात अशी घरे मोजता येणार नाहीत, आणि त्यांतल्या मुलांनी कोयता उचलला नाही. ते कारण पुरेसे नाही. तरी माणसाचा जीव घ्यायचा की नाही हे ठरवताना ते समोर असायला हवे होते, आणि ते कुटुंबाच्या वकिलाने नाही, बचावाने आणायला हवे होते.

खटला चालू असताना मुलाच्या आईला वाड्यावर कुणी कामाला बोलावत नव्हते. विहिरीवर ती गेली की इतर जणी बाजूला होत. बाई तिच्याशी बोलल्या नाहीत. पण पुढच्या हंगामात कुळागराचे काम बघणाऱ्या गड्याला त्यांनी सांगितले की सुपारी सोलायला तिला बोलवायला हरकत नाही, मी तिथे नसताना. ‘मी नसताना’ हे दोनदा सांगितले.

निकाल

न्यायाधीशांनी दोन्ही पाने अभिलेखावर घेतली. आदेशात त्यांच्यावर एकच परिच्छेद आहे: मृतांच्या मुलांची मते भिन्न आहेत, न्यायालयाला दोघांविषयी आदर आहे, शिक्षा मात्र कायद्याच्या कसोटीवर ठरेल. वय, सुधारण्याची शक्यता नाकारणारा पुरावा नसणे आणि तुरुंगातले वर्तन पाहून जन्मठेप दिली.

गावात थोडी ओरड झाली. एका वर्तमानपत्राने ‘मुलीची दया’ असे छापले. बाईंनी मला फोन करून विचारले की दुरुस्ती मागता येईल का. मी पत्र लिहिले, ते छापून आले नाही.

भावाला अपील करायचे होते. मला सांगावे लागले की शिक्षा कमी झाली या कारणावर पीडिताला अपील नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये परविंदर कन्सल प्रकरणात ते स्पष्ट केले आहे. ते सरकार करू शकते. सरकारने केले नाही. म्हणजे बहिणीला तिचा नकार सांगायला जशी जागा नव्हती, तशीच भावाला त्याचा होकार पुढे न्यायला नव्हती. त्याने विचारले, पुढे सुटकेचा प्रश्न आला तर तेव्हा तरी आम्हाला कळेल का? कायदा तसे बंधन घालत नाही, हे सांगून मी त्याला ८ जानेवारी २०२४ चा बिल्किस बानो निकाल दाखवला. पीडितेने स्वतः न्यायालयात जाऊन अकरा दोषींना सरकारने दिलेली शिक्षेतली सूट रद्द करवून घेतली होती. त्याने निकालाची प्रत मागून घेतली. बाईंनीही मागितली. फाशी नको म्हणणाऱ्या बाईंना लवकर सुटकाही नको आहे, हे ऐकून ज्यांना आश्चर्य वाटते त्यांनी लाल रेघ पुन्हा आठवावी.

भरपाईसाठी कलम ३५७अ खाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला. ते काम सरळ झाले.

आरोपीचे अपील आता उच्च न्यायालयाच्या पर्वरीच्या खंडपीठापुढे दाखल आहे. खालचा सगळा अभिलेख वर गेला, त्यात ती दोन पानेही. चवथीला भाऊ गावी आला होता. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी त्याने बांधली, बाईंनी फळे हातात दिली, आणि खटल्याचा विषय कुणी काढला नाही, असे बाईंनी सांगितले. मुंबईला परतल्यावर त्याने मला फोन केला. त्याच्या पानात बदल करता येतो का, असे विचारले. मी म्हटले, नवे प्रतिज्ञापत्र देता येईल, न्यायालयाने घेतले तर. काय बदल करायचा आहे, हे मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. मसुदा मराठीतच पाठवा, इंग्रजी मी करीन, पण सहीपूर्वी शब्द न् शब्द तुम्ही वाचायचा, एवढे मी सांगितले.

अजून त्याने काही पाठवलेले नाही.